फाटलेल्या पुस्तकाची नोंद कुठे करायची?

अंगणवाडीसाठी बालपुस्तकं छापणाऱ्या, विकत घेणाऱ्या, दान देणाऱ्या आणि वर्षातून एकदा मोजणाऱ्या सर्व मान्यवरांस,



मायना लांबला आहे, पण इलाज नाही. एक पातळ पुस्तक लेकराच्या हातात पडेपर्यंत इतक्या हातांतून जातं, की एकालाच लिहावं तर बाकीचे 'ते आमच्याकडे येत नाही' म्हणून मोकळे होतात. मीही नोकरीभर तेच म्हणत आले. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. पंचवीस अंगणवाड्यांचं बीट, रोजची फिरती आणि शेरेबुकात शेरा मारायचा अधिकार. आता निवृत्त झाले, म्हणजे लिहायला मोकळी झाले.

विषय साधा आहे. ज्या घराचं पोट हातावर आहे, त्या घरातल्या तीन-चार वर्षांच्या लेकराला कुणीतरी जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवावं, यासाठी आपण सगळे काय करतो आणि काय करत नाही.

गेल्या काही वर्षांत या विषयाला बरे दिवस आले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानलं. २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान आलं, २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' हा उपक्रम. प्रशिक्षण कुठलंही असो, एक वाक्य ठरलेलं: पालकांना सांगा, लेकराला रोज घरी वाचून दाखवा. आम्ही सांगितलं. मेळाव्यात सांगितलं, गृहभेटीत सांगितलं. अशाच एका गृहभेटीत एका बाईनं चुलीपुढून मान वर न करता मला विचारलं, "काय वाचू?"

तेव्हा मी त्या घरात छापलेलं काय काय आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर. खुंटीला लग्नपत्रिका, दोन. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, आधारकार्ड, दवाखान्याची चिठ्ठी. बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यावर तीन भाषांत बारीक अक्षर. आणि वर फळीवर लाल फडक्यात बांधलेली सासऱ्याची पोथी. एवढंच. चार वर्षांच्या पोरीला वाचून दाखवावी अशी त्या घरात एक ओळ नव्हती. तिथून दोनशे पावलांवर, अंगणवाडीच्या कपाटात, अठ्ठावीस रंगीत पुस्तकं होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली सेविकेच्या कमरेला होती आणि ती तिथे का होती, याचं कारण मी होते.

म्हणून पहिली तक्रार माझ्याच खात्याकडे आहे, आणि ती जडसंग्रह नोंदवहीची आहे.

ज्यांनी सरकारी कार्यालय आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्यालयात आलेली वस्तू दोनपैकी एका खात्यावर पडते. साबण, फिनेल, तेल, खडू या संपणाऱ्या वस्तू. त्या संपल्या की विषय मिटला. सतरंजी, वजनकाटा, पातेली, खुर्ची, कपाट ह्या टिकणाऱ्या. त्यांची नोंद जडसंग्रहात. टिकणारी वस्तू मोडली, तर ती मोडली असं नुसतं म्हणून चालत नाही. तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, तो वर जातो, मंजुरी येते, तोवर मोडकी वस्तू सांभाळून ठेवावी लागते. आमच्याकडे लेकरांची पुस्तकं या दुसऱ्या नोंदवहीत होती. लोखंडी कपाटाच्या खालच्या ओळीत.

आता सेविकेच्या जागी उभं राहून पाहा. तिला पगार नाही, मानधन आहे. पुस्तक घरी दिलं आणि फाटलं, भिजलं, शेळीनं खाल्लं (खातात, शेळ्यांना गुळगुळीत कागद चालतो), तर तपासणीत उत्तर तिला द्यायचं आहे. ती काय करील? जे कुठलीही शहाणी बाई करील तेच. प्लास्टिकचं वेष्टनही न काढता पुस्तकं कपाटात ठेवील आणि साहेब आले की मांडून दाखवील. मी अशी कपाटं शेकड्यांनी पाहिली आणि शेरेबुकात लिहिलं: 'पुस्तके सुस्थितीत. समाधानकारक.'

एकदा तसं लिहिता आलं नाही. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतरच्या तपासणीत एका अंगणवाडीत एक पुस्तक कमी भरलं. सेविका गप्प. मी शेरा मारला: 'एक पुस्तक गहाळ. किंमत सेविकेकडून वसूल करावी.' किंमत बारा रुपये होती. तिनं पदराच्या गाठीतून काढून दिले, मी पावती दिली. दोघींनी नियमानं केलं.

आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि गाव निम्मं रिकामं होतं. शाळेत जाणारी मोठी पोरं मागे राहिली तर हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. सहा वर्षांखालची कुणी ठेवून घेत नाही, ती आईबापाबरोबर जातात. म्हणजे ज्या वयासाठी आपली ही सगळी धोरणं आहेत, नेमकं तेच वय चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत असतं.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. मी त्या अंगणवाडीत बसलेले असताना एक बाई दारात येऊन उभी राहिली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. "म्याडम, लेकरानं नेलं व्हतं. रागावू नका." आत ते पुस्तक होतं. मुखपृष्ठ नव्हतं. कडा धुरानं पिवळ्या झालेल्या, एका पानावर काजळीचा अंगठा. टाचण्या गंजून निघाल्या होत्या, म्हणून पानं गोधडीच्या जाड दोऱ्यानं शिवली होती, चांगले आठ-दहा टाके. तिची साडेचार वर्षांची पोर पुढं आली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, खाली बसली आणि वाचायला लागली. अक्षरओळख काहीच नाही. पण वाक्यं पुस्तकातलीच, शब्दाला शब्द, आणि पान बरोबर तिथंच उलटायचं जिथं वाक्य संपतं. मधलं एक पान फाटून गेलेलं होतं. तिथं आल्यावर तिनं त्या पानावरचं वाक्यही म्हटलं, नसलेलं पान बोटांत धरून उलटलं आणि पुढं गेली.

आई निरक्षर, बापाला सही येते. मी विचारलं, कुणी वाचून दाखवलं? शेजारच्या कोपीत वसतिगृहातून पळून आलेली तिसरीतली एक मुलगी होती, ती. सांगलीकडच्या एका कारखान्याच्या तळावर, संध्याकाळी चुली पेटल्या की ती वाचायची आणि आसपासच्या कोप्यांतली पाच-सहा लेकरं ऐकायची. एकच पुस्तक, चार-साडेचार महिने.

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो पुस्तकांपैकी हे एक पुस्तक खात्रीनं कामाला आलं असं मी सांगू शकते. आणि कागदोपत्री ते गहाळ होतं.

तेव्हा महिला व बालविकास विभागातल्या, जिल्हा परिषदेतल्या साहेब-बाईंना माझी विनंती एका ओळीची आहे. लेकरांची पुस्तकं जडसंग्रहातून काढा आणि साबण-तेलाच्या ओळीत घाला. ती संपायलाच आणलेली आहेत. वर्षअखेरीला एखाद्या अंगणवाडीची सगळी पुस्तकं सुस्थितीत सापडली तर खुलासा तिथे मागा.

पैशाचं म्हणाल तर हिशेब अवघड नाही. २०१७ च्या केंद्राच्या निकषाप्रमाणे अंगणवाडीतल्या सर्वसाधारण लेकराच्या आहाराला दिवसाला ८ रुपये धरलेले होते आणि वर्षाचे ३०० दिवस. झाले २,४०० रुपये. (त्यातला एक पैसाही पुस्तकाकडे वळवा असं मी म्हणत नाही, उलट ते ८ रुपये कमीच होते.) तीस रुपयांचं एक पुस्तक धरलं आणि दर दोन महिन्यांनी एक द्यायचं ठरवलं, तर वर्षाचे १८० रुपये होतात. तेवीस दिवसांच्या खाऊपेक्षाही कमी. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी आहाराची पाकिटं आपण घरी देतो. पाकीट घरी जातं, पण 'ते परत आणा, सुस्थितीत आणा' असं कुणी म्हणत नाही. त्या पाकिटाबरोबर एक पुस्तक दिलं तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. सही घ्यायची ती एकदाच घेतली जाते.

बाहेर हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत बोस्टनच्या एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये तपासणीला आलेल्या बाळांच्या आईबापांना पुस्तक द्यायला सुरुवात केली. ते पुस्तक घरीच ठेवायचं. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये ३०० बाळांपासून असंच काम सुरू झालं आणि देशभर पसरलं. दोन्हीकडे युक्ती एकच: आई जिथे नाहीतरी येणारच आहे तिथे पुस्तक द्यायचं, आणि द्यायचं म्हणजे देऊन टाकायचं. आमच्याकडे लसीकरणाला बाई येतेच. आणि आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर दसऱ्याच्या आधीचा आठवडा धरा. टोळी निघताना पत्र्याच्या पेटीत तवा जातो, कोयता जातो, बाजरीचं पीठ जातं. तीन पुस्तकं जातील. घरापर्यंत जायची ही रीत आपल्याकडेही जुनीच आहे. 'अंगणवाडी' हा शब्द ज्यांच्या कामातून आला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. लेकरू शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात नेऊ, असा त्यांचा हिशेब होता. आपण त्यांचं नाव घेतो आणि पुस्तकाला उंबरा ओलांडू देत नाही.

आता प्रकाशकांकडे वळते. तुमच्याशी माझं भांडण प्रेमाचं आहे.

'अ अननसाचा' हा तक्ता माझ्या बीटमधल्या प्रत्येक भिंतीवर होता. एका लेकरानं अननसाकडे बोट दाखवून ठासून सांगितलं, "कणीस." ज्वारीचं, असंही पुढं सांगितलं. त्याचं काय चुकलं? तक्त्याचं राहू द्या, तो परंपरेनं चालत आला आहे. पण गोष्टींच्या पुस्तकात अजून घर म्हणजे उतरतं कौलारू छप्पर आणि पुढं कुंड्या. बाबा वर्तमानपत्र वाचतात. आई ओट्यापाशी उभी राहून पोळ्या करते. आमच्याकडे आई बसून भाकरी थापते, बाप पेपर वाचत नाही आणि बाळाच्या पुढं करडू बांधलेलं असतं. पत्र्याचं घर, पालाचं घर, पाचटाची कोपी पुस्तकात आलीच तर 'बिचाऱ्यांची' म्हणून येते. कोपीत राहणारी पोर गोष्टीत नुसती खोड्या करतेय, पावसात भिजतेय, भावाशी भांडतेय, असं का नको? तिचं दारिद्र्य बाजूला ठेवून तिची खोडी सांगणाऱ्या पुस्तकाची वाट बघून मी थकले.

भाषेचंही तसंच. प्रमाण मराठी नको असं मी मुळीच म्हणत नाही; पुस्तकाची भाषा घरातल्या बोलण्याहून थोडी वेगळी असतेच आणि लेकरू ती आवडीनं उचलतं. पण जी बाई सातवीतून शाळा सोडून आली आणि दहा वर्षांनी पहिल्यांदा पुस्तक हातात धरते आहे, तिला पहिल्याच ओळीत तीन जोडाक्षरं आणि एक 'उद्यान' आलं, की ती पुस्तक मिटते. लेकरासमोर अडखळायचं नसतं तिला. चार शब्दांचं वाक्य, तेच वाक्य थोड्या फरकानं पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा: असं पुस्तक अडखळत्या आईला तिसऱ्या पानापर्यंत सराईत करतं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मी जिथे जिथे नेलं तिथे चाललं, कारण त्यात घरातली माणसं आहेत आणि वाक्यं तोंडात बसणारी आहेत. अशी पुस्तकं मराठीत होऊ शकतात हे तुम्हीच सिद्ध केलं आहे. मग ती बोटांवर मोजण्याइतकीच का?

छपाईबद्दल दोन शब्द. अक्षर ठसठशीत ठेवा आणि रंगीत चित्रावर छापू नका. तुमच्या कार्यालयात ट्यूबलाइटखाली ते सुंदर दिसतं. चुलीच्या उजेडात काळं जांभळ्यावर दिसत नाही. पुस्तक शिवून द्या, टाचण्या गंजतात. आकार पेटीत मावेल इतका. आणि शेवटच्या पानावरचं 'तात्पर्य' कृपा करून काढा. गोष्ट ऐकताना हसलेलं लेकरू तात्पर्याला उठून जातं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मोजत नाही.

किंमत कमी करा म्हणणं सोपं आहे. तुमचंही पोट आहे, मला कळतं. पण एक लाखाहून जास्त अंगणवाड्या या राज्यात आहेत. मराठीतल्या बालपुस्तकाला याहून मोठं गिऱ्हाईक सापडणार नाही. विभागापुढे एकत्र जाऊन मोठ्या आवृत्तीचा दर ठरवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. शिवाय 'प्रथम बुक्स'नं २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टी मुक्त परवान्यानं ठेवल्या आहेत, मराठीतल्याही. त्या कुणीही छापू शकतं. मला कुणी तरी लगेच सांगेल, छापायच्या कशाला, मोबाइलवर वाचा की! मोबाइल बापाच्या खिशात असतो, बाप फडात असतो, आणि हातात आल्यावर लेकरू गोष्ट शोधत नाही, व्हिडिओ लावतं. हा विषय माझ्यापुरता इथे संपला.

कंपन्या आणि दानशूर मंडळी, तुमची आठवण काढताना मला एक खोकं आठवतं. मोठ्या शहरातून आलेलं, वर पट्टी: 'ज्ञानदान'. आत अर्धवट रंगवलेली चित्रपुस्तकं, इंग्रजी परीकथा, एक वापरलेलं स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक आणि फटाक्यांच्या दुकानाची दिनदर्शिका. फोटोला मात्र पाहुणे सात होते. बाई पुस्तक हातात घेऊन उभी राहिली, फोटो झाला, पुस्तक परत खोक्यात. तुमच्याकडून मला फार नको. जुनं देऊ नका, आणि बाईच्या हातात दिलेलं पुस्तक फोटो झाल्यावर तिच्याच हातात राहू द्या.

प्रशिक्षकांचा राग मात्र मी पुरता गिळू शकत नाही. एका प्रशिक्षणात पडद्यावर आकडा आला: गरीब घरातलं मूल चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकतं. माझ्या शेजारी बसलेल्या सेविका स्वतः त्याच घरांतल्या. त्या खाली मान घालून वहीत आकडा उतरवत होत्या. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी माझ्या भाचीकडून तो आकडा शोधून घेतला. हार्ट आणि रिस्ली या दोन संशोधकांचं १९९५ चं पुस्तक. अमेरिकेतल्या कॅन्सस शहरातली ४२ घरं, त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी फक्त ६. नंतरच्या अभ्यासकांनी घरातल्या सगळ्या माणसांचं लेकराच्या कानावर पडणारं बोलणं मोजलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. सहा घरांवरून आमच्या डोंगरातल्या बायकांना मुकं ठरवलं होतं! ज्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गोळा करायला घेतल्या तर आकडा लाखावर गेला, त्या बायका लेकराशी बोलत नाहीत म्हणे.

मग वाचूनच कशाला दाखवायचं, नुसत्या गोष्टी सांगितल्या तर काय बिघडलं, असं मला एका गटविकास अधिकाऱ्यानं विचारलं होतं. प्रश्न वाकडा नव्हता. माझं उत्तर असं. आजीची गोष्ट रोज थोडी बदलते, तीच तिची मजा. पुस्तकातली बदलत नाही. आईनं वाचली, ताईनं वाचली, तरी वाघ त्याच पानावर येतो आणि तेच बोलतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लेकराच्या ध्यानात येतं, की हे बोलणं आईच्या तोंडात नाही, त्या काळ्या खुणांत आहे. आईनं एक शब्द गाळला तर ते ओरडतं. हे ज्याला पहिलीत जाण्यापूर्वी कळलं त्याला फळ्यावरचं 'क' परकं वाटत नाही. ज्याला नाही कळलं, त्याला ते सगळं एकदम, घंटा वाजते त्या दिवशी समजून घ्यावं लागतं.

आणि वाचून ऐकवणं ही गोष्ट आम्हाला परदेशातून शिकायची नाही. फळीवरच्या त्या लाल फडक्यातल्या पोथीचं काय चालायचं? श्रावणात देवळात 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागायचा. एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, म्हातारी मध्येच विचारायची, "मग कर्णाला कोणी सांगितलं न्हाई का?" वाचणारा थांबायचा. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्यांना कुणी अशिक्षित पालक म्हणून बाजूला बसवलं नाही. हल्ली प्रशिक्षणात 'वाचताना प्रश्न विचारा, मुलाला बोलू द्या' असं नवं तंत्र म्हणून शिकवतात. शिकवा, पण सुरुवात पोथीपासून करा. समोरच्या बाईला वाटेल की हे आपल्याच घरातलं आहे.

निरक्षर आईला चित्रं वाचू द्या. हे बघ काय करतंय, आता काय होईल, हा का रुसला. तिनं पुस्तकाबाहेरची गोष्ट रचली तरी चालेल. सातवी झालेल्या आईला अडखळू द्या. मी एक आई पाहिली, बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती. तिच्या चार वर्षांच्या पोरानं दोन ओळी वाट पाहिली आणि वाक्य पुरं करून टाकलं. ते त्याला सेविकेकडून ऐकून पाठ होतं. आई हसली, तिनं बोट उचललं आणि पुढच्या वाक्याला मुद्दाम थांबली. असं घडायला तिच्यासमोर निरीक्षण प्रपत्र घेऊन बसलेलं कुणी नको. आईची परीक्षा घेऊ नका, स्पर्धा भरवू नका, व्हिडिओ गटावर टाकायला लावू नका. आणि सगळ्या कार्यक्रमांचं नाव 'माता' अमुक नि 'माता' तमुक का? मुकादमाच्या वहीतला आपला हिशेब वाचता येणारे बाप टोळीत असतात. त्यांना कुणी विचारतच नाही.

'झोपताना वाचा' हेही सोडा. पहाटे तीनला फडात जायचं असतं, आई पोराच्या आधी झोपते. वेळ घराला ठरवू द्या. आमच्याकडे ती भाकरी आणि जेवण यांच्या मधली असते, किंवा दुपारची, गाडी भरेपर्यंतची. आणि वाचणारी बहुतेक वेळा आई नसतेच, दुसरी-तिसरीतली बहीण असते. तिला अंगणवाडीतून पुस्तक न्यायची परवानगी द्या. धाकट्याला वाचून दाखवता दाखवता तिचंही वाचन सुधारतं, त्याचे पैसे पडत नाहीत.

सार्वजनिक ग्रंथालयांचा विषय मी थोडक्यात उरकते, कारण आशा कमी आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगाव अनुदान पोचलं, हे मोठंच काम. पण आमच्याकडच्या 'ड' वर्गातल्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं असतात, बाकावर गडीमाणसं असतात आणि चार वर्षांचं लेकरू घेऊन तिथे शिरलेली बाई मी पाहिलेली नाही. बाजाराच्या दिवशी एक तास बायका-लेकरांसाठी ठेवून पाहा. अनामत मागू नका.

एवढं लिहून मी थांबते. यातलं काही तुमच्यापैकी कुणाला लागलं असेल तर ते मलाही लागलेलं आहे, हे ध्यानात घ्यावं. उत्तर आलं तर आनंद होईल. शासन निर्णय आला तर पेढे वाटीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका

ता. क. दोऱ्यानं शिवलेलं ते पुस्तक माझ्याकडे आहे. जडसंग्रहातून ते 'गहाळ' म्हणून आधीच कमी झालेलं होतं, त्यामुळे परत जमा करून घ्यायला रकाना नव्हता. गेल्या दिवाळीत त्या सेविकेच्या घरी जाऊन तिचे बारा रुपये परत केले. तिनं मोजून घेतले. म्हणाली, "व्याज सोडलं, म्याडम."